झोपेची खात्री, शंभरपैकी

माझ्या भाचीला सध्या लोकांचा आत्मविश्वास मोजायचा आहे, तोही फक्त झोपेपुरता. ती मानसशास्त्रात एम.ए. करते. दुसऱ्या वर्षाला प्रबंध लिहावा लागतो आणि तिच्या गाइडबाईंनी 'तरुणांच्या निरोगी झोपेच्या सवयी' या विषयावर बोट ठेवलं. झोप मोजायची म्हणजे उशाशी घड्याळ घेऊन बसायचं, इतपत मला कळलं असतं. पण तिला झोप मोजायचीच नाही. वेळेवर झोपणं आणि वेळेवर उठणं आपल्याला जमेल, असं १८ ते २५ वयाच्या मुलामुलींना किती ठामपणे वाटतं, ते तिला मोजायचं आहे.

"म्हणजे रात्री तीनपर्यंत जागणाऱ्याचा आत्मविश्वासही शंभर टक्के निघू शकतो," मी म्हटलं.

"निघतो ना! म्हणून तर मोजायचा."

या पिढीशी वाद घालताना माझं घोडं नेहमी इथेच अडतं. आपण मुद्दा काढावा, तर तो त्यांनी आधीच मान्य केलेला असतो.

माझी सगळी नोकरी बँकेत लोकांचे अर्ज तपासण्यात गेली, त्यामुळे घरात कुठलाही छापील कागद आला की तो आधी माझ्यापुढे येतो. तसा हाही आला. वर शीर्षक 'दैनंदिन सवयींची प्रश्नावली'. झोपेचं नावही नाही, आत्मविश्वासाचं तर नाहीच. खाली विधानं. 'दुसऱ्या दिवशी सुट्टी असली तरी मी नेहमीच्याच वेळी झोपू शकेन.' 'अंथरुणाला पाठ टेकल्यावर फोन हातात न घेता राहू शकेन.' 'संध्याकाळनंतर कोणी आग्रह केला तरी चहा-कॉफी नाकारू शकेन.' प्रत्येकापुढे शून्यापासून शंभरापर्यंत दहादहाच्या पायऱ्या. शून्य म्हणजे अजिबात जमणार नाही, पन्नास म्हणजे बऱ्यापैकी जमेल, शंभर म्हणजे अगदी नक्की जमेल. बँकेत कर्जदाराला हे विचारलं असतं तर सगळ्यांनीच शंभरावर खूण केली असती.

या पद्धतीचं मूळ अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाकडे जातं. जन्म १९२५ चा, कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतातल्या मुंडेअर नावाच्या लहानशा गावातला. कारकीर्द सगळी अमेरिकेत, स्टॅनफर्ड विद्यापीठात. सापाच्या भीतीने ज्यांचं जगणं अवघड झालं होतं अशा लोकांना त्याने पायरीपायरीने सापाच्या जवळ नेलं. आधी खोलीच्या दाराशी, मग पेटीपाशी, मग हात लावायला. हे करताना त्याच्या लक्षात आलं, की पुढे माणूस काय करील याचा अंदाज बांधायचा तर 'मला हे जमेल' असं त्याला कितपत वाटतं हे विचारणं फार उपयोगी पडतं. १९७७ साली त्याने हा सिद्धांत मांडला. एके काळच्या बत्तीस शिराळ्याच्या नागपंचमीला जर बांडुरासाहेब आले असते, तर बारा-बारा वर्षांच्या पोरांनी सगळ्या रकान्यांत शंभर भरून त्यांची पट्टीच मोडली असती, हे माझं खासगी मत.

२००६ साली त्याने अशा पट्ट्या तयार कशा करायच्या याचे नियमही लिहून ठेवले. भाचीने मला ते वाचून दाखवले आणि मला हा माणूस आवडून गेला. पहिला नियम: 'शकेन' असं विचारा, 'करीन' असं विचारू नका. 'करीन' हा नुसता इरादा. आमच्या घरात इराद्यांना तोटा नाही. 'उद्यापासून लवकर झोपणार' हे वाक्य मी प्रत्येक पिढीच्या तोंडून ऐकलेलं आहे आणि त्यातला 'उद्या' अजून कुणाच्या कॅलेंडरात आलेला नाही. दुसरा नियम: कागदावर पट्टीचं खरं नाव घालू नका, नाहीतर माणसं शहाण्यासारखी उत्तरं देतात. आणि तिसरा, सगळ्यांत महत्त्वाचा: वाटेत अडथळे घाला. नुसतं 'वेळेवर झोपू शकाल का?' असं विचारलं तर कोण नाही म्हणेल? अडथळे चढते असले पाहिजेत, म्हणजे कुणाचा धीर कितव्या पायरीवर सुटतो ते दिसतं.

हे समजावं म्हणून सुरुवातीला सरावाचा एक प्रश्न देतात. दहा पौंडांपासून चढत्या वजनांची यादी, आणि पुढे विचारलेलं, की यातलं कुठलं वजन तुम्ही आत्ता उचलू शकाल? भाचीला वाटलं, पौंड आपल्याकडे चालायचे नाहीत. मग आम्ही सिलिंडर घेतला. पायरी पहिली, रिकामा सिलिंडर. दुसरी, १४.२ किलो गॅसचा भरलेला. तिसरी, भरलेला, पण दुसऱ्या मजल्यावर. चौथी, भरलेला, दुसऱ्या मजल्यावर, आणि खालून भाचीची मोठी मामी 'फरशीवर टेकवू नका हं, टवके उडतात' असं म्हणत असताना. चौथ्या पायरीवर वजन तेवढंच आहे, पण खात्री एकदम चाळिसावर येते. बांडुराचं सगळं शास्त्र मला या चौथ्या पायरीत दिसलं.

पुढचं काम झोपेचे अडथळे शोधण्याचं. यासाठी लांब जायला नको होतं. माझ्या थोरल्या भावाचं सदाशिव पेठेत जुनं घर आहे आणि वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या कॉट बेसिसवर दिलेल्या आहेत. ज्यांना पेठेची ही बाजू ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो: स्पर्धा परीक्षांची तयारी करायला महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून मुलं-मुली पुण्यात येतात आणि या भागात राहतात. भाड्याने मिळते ती खोली नव्हे, खोलीतली एक खाट. खाटेखाली बॅग, खाटेवर गादी, गादीवर माणूस, माणसाच्या छातीवर लक्ष्मीकांत. हे राज्यघटनेवरचं पुस्तक इतकं जाड आहे की परीक्षा संपेपर्यंत वाचायला आणि संपल्यावर उशाला चालतं.

एका खोलीत चार खाटा, एक ट्यूबलाइट, एक पंखा. राज्यसेवेवाला रात्री जागतो, कम्बाईनवाला पहाटे उठतो. तिसऱ्याचं लग्न ठरलंय, त्यामुळे तो साडेअकरानंतर पांघरुणात शिरून कुजबुजतो, आणि कुजबुज ही बोलण्यापेक्षा जास्त ऐकू येते. चौथा चारचा गजर लावतो. त्या गजराने बाकीचे तिघे उठतात. शिवाय अभ्यासिका चोवीस तास उघडी. तिथून मध्यरात्री कुणीतरी परततं, बाहेर चहावाला उभा असतो, कुणाची 'टेस्ट' चांगली गेलेली असते, कुणाची वाईट, आणि दोन्ही कारणांनी पोहे खावे लागतात. पहाटे खालच्या मजल्यावर दादा पाण्याची मोटर लावतो. ही मोटर पंचाहत्तर सालच्या आसपासची असावी. तिचा आवाज जिन्यातून चढतो आणि खाटेच्या लोखंडी पायांतून माणसात शिरतो.

यातली प्रत्येक गोष्ट भाचीने विधानात घातली. 'खोलीतले इतर जागे असतानाही मी झोपू शकेन.' 'मित्रांनी खाली चहाला बोलावलं तरी मी नाही म्हणू शकेन.' चहाच्या विधानावर मी थोडा वेळ रेंगाळलो. आपल्याकडे चहाला नाही म्हणणं ही पेयाबद्दलची गोष्ट कधीच नसते. 'अर्धा घ्या', 'घोटभर', 'बिनसाखरेचा', अशा तीन तटबंद्या ओलांडून नाही म्हणावं लागतं, आणि तेवढ्यात समोरचा दुखावतो. शरीराचं गणित मात्र भिडेखातर बदलत नाही. आपण जागे असतो तोवर मेंदूत अ‍ॅडिनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं आणि त्यातून झोपेची ओढ वाढते. कॅफिन या अ‍ॅडिनोसिनच्या जागा अडवून बसतं. एकदा बसलं की त्यातलं निम्मं जायला साधारण पाच तास लागतात. म्हणजे संध्याकाळी सातला भिडेखातर घेतलेला कप रात्री बाराला अर्ध्या कपाएवढा आत शिल्लक. आपण 'अर्धाच द्या' म्हणतो तो हाच, फक्त जरा उशिरा मिळतो.

नवी पट्टी तयार केली की ती जुन्या, मान्यता पावलेल्या पट्ट्यांशेजारी ठेवून पाहायची असते. म्हणून भाची आणखी दोन प्रश्नावल्या घेऊन आली आणि माझ्या आईला त्यातली एक हाती लागली. आई नव्वदीला टेकली आहे, पण छापील प्रश्नाला उत्तर दिल्याशिवाय तिला राहवत नाही. ही एपवर्थ नावाची पट्टी. मेलबर्नच्या एपवर्थ रुग्णालयातल्या मरे जॉन्स या डॉक्टरने १९९१ साली केलेली. आठ प्रसंग दिलेले असतात आणि त्या त्या प्रसंगी डुलकी लागण्याची शक्यता शून्य ते तीनमध्ये सांगायची. एकूण चोवीसपैकी दहाच्या वर गेलात तर दिवसा झोप जास्त येते असं समजायचं.

'वाचत बसलेले असताना.' आईने तीन दिले. 'टीव्ही पाहताना.' मालिकेवर अवलंबून, पण तीन. 'दुपारी आडवं व्हायला मिळालं तर.' याला तीनच का, असं तिने विचारलं. सदाशिव पेठेत हा प्रश्न घेऊन घरोघरी गेलं तर लोक म्हणतील, शक्यता कसली, एक ते चार ठरलेलं आहे. आणि येऊच नका त्या वेळात. 'कोणाशी तरी बसून बोलताना.' "कोणाशी?" आई म्हणाली. हा प्रश्न जॉन्ससाहेबांना कुणी विचारला नसावा. 'जेवणानंतर शांत बसलेले असताना, मद्य न घेता.' इथे आईने चष्मा काढला. "म्हणजे घेतल्यानंतरचं वेगळ्या कागदावर विचारतात की काय?" शेवटचा प्रसंग, 'रहदारीत काही मिनिटं थांबलेल्या गाडीत.' गणपतीच्या आदल्या आठवड्यात लक्ष्मी रस्त्यावर काही मिनिटं थांबलेली गाडी मी अजून पाहिलेली नाही. तिथे गाडी थांबते ती माणसाची एक झोप पुरी होऊनच हलते. आईची बेरीज वीसच्या पुढे गेली. ऑस्ट्रेलियात तिला तपासायला बोलावलं असतं. इथे ती कागद बाजूला ठेवून झोपली.

दुसरी पट्टी पिट्सबर्गची. डॅनियल बायसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ साली केलेली, जगभर वापरली जाणारी. किती वाजता झोपता, झोप लागायला किती वेळ लागतो, मध्ये कशामुळे जाग येते, वगैरे. सगळं मिळून २१ गुण आणि पाचाच्या वर गेलात की झोप बरी नाही. परीक्षेत जितके कमी गुण तितकं चांगलं ही कल्पना आमच्या वरच्या मुलांना सुरुवातीला पटेना. 'मग कट-ऑफ कितीला लागतो?' असं एकाने विचारलं. या प्रश्नावलीच्या शेवटी शेजारी झोपणाऱ्याला किंवा खोलीतल्या जोडीदाराला काही प्रश्न असतात: हा घोरतो का, मध्येच श्वास थांबतो का, पाय झाडतो का. पण त्या उत्तरांना गुण नाहीत, ती बेरजेत धरत नाहीत.

इथे माझं शास्त्राशी थोडं बिनसलं. या प्रश्नावलीत रूमपार्टनर साक्षीदार म्हणून येतो. आमच्या वरच्या खोलीत तो मुख्य आरोपी आहे. आणि एकूणच या सगळ्या पट्ट्या वाचताना मला जाणवत राहिलं, की झोपणारा माणूस एकटा आहे असं गृहीत धरलेलं असतं. त्याला एक शयनगृह आहे, त्याच्या दाराला कडी आहे, दिव्याचं बटण त्याच्या हाताशी आहे. आता रिचर्ड बूटझिन यांचं १९७२ पासूनचं तंत्र घ्या. निद्रानाशावर आजही ते पक्कं मानतात आणि ते खरोखर साधं आहे. पलंग फक्त झोपेसाठी ठेवा. त्यावर वाचू नका, खाऊ नका, काळजी करू नका. पंधरा-वीस मिनिटांत झोप लागली नाही तर उठा, दुसऱ्या खोलीत जा, डोळे मिटायला लागले की परत या. म्हणजे पलंग दिसला की झोप, अशी शरीराला सवय लागते.

कॉट बेसिसवरची खाट ही अभ्यासाचं टेबल असते, डबा खायची जागा असते, इस्त्रीचे कपडे ठेवायचं कपाट असते, घरी फोन करायचा कोपरा असते, आणि निकालाच्या दिवशी तोंड लपवायचीही तीच जागा असते. तिथून उठून मुलगा जाणार कुठे? गॅलरीत दोऱ्यांवर टॉवेल वाळतात. जिन्यात दादाने 'येथे बसू नये' अशी पाटी लावली आहे. बूटझिनसाहेबांचं तंत्र पाळायचं तर त्याला रात्री बारा ते पहाटेपर्यंत पेठेत फेऱ्या माराव्या लागतील आणि मग चहावाला आहेच.

मोठ्यांना हे सांगितलं की ते म्हणतात, 'आमच्या वेळी आम्ही दहाला झोपत होतो.' यावर म्युनिकच्या टिल रोनेबर्ग यांनी २००४ साली एक गंमत मांडून ठेवली आहे. हजारो माणसांच्या झोपेच्या वेळा पाहिल्यावर त्यांना दिसलं, की लहानपणापासून आपलं आतलं घड्याळ हळूहळू मागे पडत जातं, विशीच्या आसपास ते सर्वांत उशिराचं होतं, आणि मग पुन्हा अलीकडे सरकू लागतं. विसाव्या वर्षी रात्री एकला डोळे टक्क उघडे असणं हा बहुतांशी वयाचा भाग आहे. आणि साठी उलटल्यावर पहाटे साडेचारला जाग येणं हाही. यातल्या पहिल्याला आपण बेशिस्त म्हणतो आणि दुसऱ्याला ब्राह्ममुहूर्त. पहाटे उठून बागेत हसण्याच्या वर्गाला जाणाऱ्या आमच्या सगळ्या मंडळींना मी हे सांगून पाहिलं. ते हसले, पण वर्गाचा भाग म्हणून.

घड्याळाचा आणखी एक घोळ आपल्या वाट्याला आला आहे. १९०६ पासून देशाची प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशावरून चालते आणि आपण तिच्या बरेच पश्चिमेला. पुण्याचा सूर्य घड्याळाच्या साधारण ३५ मिनिटं मागे असतो. मुंबईने तर १९५५ पर्यंत स्वतःची वेगळी, ३९ मिनिटं मागची वेळ नेटाने सांभाळली होती. अंधार उशिरा पडतो, शरीर अंधाराची वाट बघतं, पण कॉलेज आणि कचेऱ्या प्रमाणवेळेने उघडतात. २०२४ साली राज्य सरकारने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असं ठरवलं. पाचवीपासून पुढच्यांच्या झोपेची फाइल अजून कुठल्यातरी टेबलावर असावी.

बांडुरा म्हणतो, 'मला जमेल' ही खात्री माणसात चार वाटांनी येते. स्वतः एकदा करून दाखवल्याने, आपल्यासारख्याच कुणालातरी करताना पाहिल्याने, कुणी धीर दिल्याने आणि शरीर-मन ठिकाणावर असल्याने. भाचीने या चार वाटा वहीत मांडल्या आणि मी वरच्या खोलीशी पडताळून पाहिल्या. स्वतः करून पाहणं: चार खाटांच्या खोलीत साडेदहाला एकट्याने झोपून दाखवणं हा प्रयोग आजवर झालेला नाही. दुसऱ्याला पाहणं: ज्याची पोस्ट निघाली त्याची मुलाखत ही मुलं ऐकतात, आणि त्यात झोपेचा उल्लेख फक्त 'कमी केली' असा येतो. एवढ्या मुलाखती झाल्या, पण 'मी आठ तास झोपायचो' असं सांगणारा तहसीलदार माझ्या कानावर आला नाही. झोपले असतीलही, पण सांगणार कोण. धीर देणं: रात्री नऊला गावाहून आईचा फोन. "वेळेवर झोपत जा रे बाळा, डोळे खोल गेलेत." मग फोन वडिलांकडे. "कसा चाललाय अभ्यास? शेजारच्यांचा रात्रभर बसतो म्हणे." एकाच फोनमध्ये धीर दिला आणि काढूनही घेतला. चौथ्या वाटेबद्दल, म्हणजे मनाच्या ठिकाणाबद्दल, परीक्षेची जाहिरात कधी निघणार हे ज्याला माहीत नाही त्याला काय विचारायचं?

आणि आपली सगळी परंपराही जागणाऱ्यांच्याच बाजूची. अर्जुनाला गुडाकेश म्हणतात, म्हणजे त्याने झोप जिंकली होती. झोपेत नाव काढलं ते कुंभकर्णाने, आणि तो रावणाच्या पक्षात. कोजागिरीला लक्ष्मी मध्यरात्री हिंडून कोण जागं आहे याची पाहणी करते आणि जागणाऱ्यांना प्रसन्न होते. झोपलेल्यांची नोंद घेतली जात नाही. बाबासाहेबांच्या जयंतीला विद्यापीठांत सलग अठरा तास अभ्यासाचा उपक्रम होतो, तो चांगलाच आहे, कारण तो वर्षातून एकदा येतो आणि त्यात एका थोर माणसाची आठवण आहे. वरच्या खोलीतल्या मुलाने मात्र भिंतीवर 'अठरा' एवढंच लिहून ठेवलंय आणि तो रोज चौदापर्यंत पोचून स्वतःला नापास करतो.

झोपेला प्रतिष्ठा असलेलं एकच उदाहरण मला सापडलं, ते पांडुरंगाचं. आषाढी एकादशीला देव झोपी जातात ते थेट कार्तिकीला उठतात, आणि या झोपेच्या मुहूर्ताला सगळा महाराष्ट्र पायी चालत जातो. चार महिने! प्रश्नावलीत शंभरावर खूण करायचा अधिकार त्यांचाच. पालख्या पुण्यात मुक्कामाला असतात त्या रात्री मी नाना पेठेतून हिंडलो आहे. शाळांच्या ओसऱ्यांवर, दुकानांच्या पायऱ्यांवर, डोक्याखाली पिशवी घेऊन वारकरी झोपलेले असतात. बाजूला भजन चालू, वर हॅलोजन, रस्त्यावर चहाची भांडी वाजताहेत. कुणाला अडथळा नाही. दिवसभर मैलोगणती चालून आलेल्या शरीराला कुणी विचारतच नाही की जमेल का.

उलट झोपेसाठी प्रयत्न करायला लागावं तर ती लांब पळते. झोपेच्या अभ्यासकांनी याचीही वेगळी पट्टी केलेली आहे: झोपण्याचा किती खटाटोप करता, तो मोजणारी. जगातल्या बाकी सगळ्या कामांत खटपट्या माणूस पुढे जातो आणि इथे तोच मागे राहतो. म्हणूनच, मला वाटतं, भाचीची प्रश्नावली 'झोप लागेल का' असं कुठेच विचारत नाही. दिवा घालवता येईल का, फोन ठेवता येईल का, नाही म्हणता येईल का, एवढंच विचारते. ते अर्ज तपासणाऱ्या माणसाला पटणारं आहे. फक्त दिव्याचं बटण चौघांचं असताना एकाच्या खात्रीचे आकडे घेऊन काय कळतं, असं मी तिला विचारलं. ती म्हणाली, "तेच कळतं." पुन्हा माझं घोडं अडलं.

छापण्याआधी चाचणी घ्यायची म्हणून तिने प्रश्नावली वरच्या मुलांना आणि पलीकडच्या गल्लीतल्या मुलींच्या हॉस्टेलात फोनवरून पाठवली. मुलांनी मनापासून भरली. एकाने जवळजवळ सगळीकडे शंभर दिले: सुट्टी असो, परीक्षा असो, मित्र असोत, मी वेळेवर झोपू शकेन. अर्ज जमा झाल्याची वेळ खाली आपोआप उमटते. पहाटेचे दोन वाजून गेले होते. भाची खूश झाली. "बघ मामा, हा 'शकेन'वाला आहे, 'करीन'वाला नाही." एका मुलीने चहाच्या विधानाला नव्वद दिले आणि खाली लिहिलं, 'चहा नाकारू शकेन. मैत्रिणीला रडू येत असेल तर नाही.' गाइडबाई म्हणाल्या, अशा उत्तरांचं गणित होत नाही. भाचीने ते वेगळ्या वहीत उतरवून ठेवलं आहे, आणि मला ती वही प्रबंधापेक्षा वाचनीय होणार असं दिसतं.

बाईंनी आणखी एका विधानावर काट मारायला सांगितली: 'घरमालक पहाटे पाचला मोटर लावतात, ती उशिरा लावा असं मी त्यांना सांगू शकेन.' त्यांच्या मते हा झोपेचा प्रश्न नव्हे, तो भीड चेपण्याचा प्रश्न. मी या विधानाच्या बाजूने बराच भांडलो. पेठेत राहून झोप आणि भीड वेगळी करता येत नाही, असं माझं म्हणणं. शेवटी बाई मान्य झाल्या, पण त्यांनी अट घातली, की ज्याच्याबद्दल विधान आहे त्याला कागद दाखवून त्याची परवानगी घ्यायची.

दादाकडे कागद गेला. मुलांनी त्या ओळीपुढे काय भरलंय ते भाचीने त्याला दाखवलं नाही. सगळे आकडे शून्य आणि दहाच्या मध्येच घुटमळत होते. दादाने चष्मा लावून विधान दोनदा वाचलं, खिशातून लाल पेन काढलं, आणि 'पाचला' हा शब्द खोडून वर 'पावणेपाचला' असं लिहून, खाली सही करून कागद परत दिला.